पोलिसांच्या वर्गातले शनिवार

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. बोईसरजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी सिस्टर होते आणि नोकरीची शेवटची वर्षं ड्रेसिंग रूम माझ्याकडे होती. ओळखीचे लोक भेटले की विचारतात, दवाखान्याची आठवण येते का? येते की. पण त्याहून जास्त आठवण येते ती पालघरच्या त्या शनिवारांची. एका शाळेच्या सभागृहात मी बारा पोलीस अधिकाऱ्यांसमोर उभी राहून बोलत असे, आणि ते बाकांवर बसून ऐकत असत.

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. ह्यांना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात नोकरी होती, म्हणून लग्नानंतर मी सालवडला आले. सुरुवातीला इथली बोली मला कळायची नाही. किनाऱ्यावरच्या बायका एक बोलायच्या, आतल्या पाड्यांवरच्या दुसरंच, आणि वसाहतीतले कामगार हिंदी. ड्रेसिंग रूममध्ये मात्र सगळ्यांचं उत्तर एकच असायचं. कपाळ फुटलेलं असो की पाठीवर वळ, मी विचारायचे, "काय झालं?" आणि समोरचा म्हणायचा, "गिर गया, सिस्टर." नाहीतर, "पडलो."

पडलो म्हटलं की पोलिसांना कळवायची गरज नसे. मारहाण म्हटलं की कागद, शिक्का, ठाण्याची फेरी, आणि दुसऱ्या दिवशीचा खाडा. त्यामुळे सगळे पडत. मी टाके घालायला मदत करायचे, पट्टी बांधायचे आणि रजिस्टरमध्ये 'पडल्यामुळे जखम' असं लिहून पुढच्याला आत बोलवायचे.

एका दुपारी साठीच्या एक बाई आल्या. सुती साडी, कापलेले केस, पायाला रुमाल बांधलेला. वसाहतीत फिरताना गंजलेल्या पत्र्याने त्यांची पोटरी कापली होती. धनुर्वाताचं इंजेक्शन हवं होतं. बाकावर त्यांच्या आधी तिघे होते. मी त्यांना आधी घेते म्हटलं, तर म्हणाल्या, "नको, नंबराने घ्या." त्या बसून बघत राहिल्या. तिघंही पडलेले.

त्यांची पोटरी धुताना त्यांनी हळूच विचारलं, "हे तिघं कुठे पडले हो?"

"पडले कुठले," मी म्हणाले. "आज कारखान्यांची सुट्टी ना. काल संध्याकाळी बंद कंपनीच्या गेटापाशी मारामारी झाली असणार. दर आठवड्याला होते."

"पोलिसांना माहीत आहे?"

"त्यांना कोण सांगणार?"

"तुम्हाला कसं माहीत?"

मला हसू आलं. "रोज जखमा बघते मी. मुरमाने खरचटलं की वेगळं दिसतं, बाटलीने फुटलं की वेगळं. शिवाय पट्टी बांधता बांधता माणूस बोलतोच. नाव सांगत नाही, पण जागा सांगतो."

इंजेक्शन घेऊन उठल्या तेव्हा त्यांनी स्वतःची ओळख सांगितली. त्या पोलीस खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झाल्या होत्या आणि पुण्याहून इथे येत होत्या. जिल्ह्यातल्या ठाणेदारांचा एक वर्ग त्या लवकरच सुरू करणार होत्या. मारामाऱ्या, चाकूहल्ले कमी कसे करायचे, हाताखालची माणसं कशी वापरायची, ठाण्यात आलेल्या माणसाशी कसं बोलायचं, असा सगळा अभ्यास. दर शनिवारी, तीन महिने.

"तुम्ही याल का शिकवायला?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण आठवड्याभरात आमच्या डॉक्टरांकडे रीतसर पत्र आलं. डॉक्टरांनी एकच अट घातली, पेशंटचं नाव बाहेर जायचं नाही. मॅडमनी ती लगेच मान्य केली. नावं त्यांना नकोच होती. वार, वेळ, जागा आणि कशाने मारलं, एवढंच मी महिनाभर लिहून काढायचं होतं. कापसाच्या गुंडाळीला निळा कागद असतो, त्याच्या मागच्या बाजूला मी लिहीत गेले.

पहिल्या शनिवारी मी एसटीने पालघरला गेले. इस्त्रीची साडी नेसले होते, आणि हातातल्या पिशवीत डबा आणि तो निळा कागद होता. सभागृहात बारा अधिकारी होते, सगळे साध्या कपड्यांत. मॅडमची तशी ताकीद होती. वर्दी नाही, मोबाइल नाही, आणि कुणाच्या मागे शिपाई उभा राहणार नाही. शाळेच्या बुटक्या बाकांत ती दणकट माणसं गुडघे तिरपे करून बसली होती. मला एकदम माझ्या शाळेतले मागच्या बाकावरचे मुलगे आठवले आणि जरा धीर आला.

औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्याचे निरीक्षक पहिल्या बाकावर होते. मराठवाड्यातले, उंच, कानाजवळचे केस पिकलेले. मॅडमनी माझी ओळख करून दिली तेव्हा ते उठून म्हणाले, "मॅडम, सिस्टरबद्दल आदर आहे. पण त्यांनी पट्ट्या बांधाव्यात, गुन्हे आमचे आम्ही बघतो."

दोघे-तिघे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "बरं," त्या म्हणाल्या, "मग सांगा, तुमच्या हद्दीत सगळ्यात जास्त मारामारी कुठे होते?"

निरीक्षकांनी न अडखळता दोन जागा सांगितल्या. एक बाजारातली, एक रेल्वे फाटकाजवळची.

भिंतीवर पांढरी चादर लावली होती आणि तिच्यावर स्केचपेनने बोईसर, सालवड, वसाहतीचे रस्ते, किनाऱ्याकडची गावं असं सगळं काढलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या कागदावरच्या जागा इथे दाखवा." खुणा लावायला टाचण्या आणल्या होत्या, पण पाच-सहा लावल्यावर डबीच संपली. आता काय करायचं? मी पर्स उघडली. आत लाल टिकल्यांची दोन पाकिटं होती.

त्या दिवशी पोलिसांच्या नकाशावर मी टिकल्या लावत होते आणि मागून हसण्याचा आवाज येत होता. एक जण म्हणाला, "सिस्टर, नकाशाचं लग्न लावताय का?" मलाही हसू आलं. पण टिकल्या वाढत गेल्या तसं हसणं कमी होत गेलं. बाजारात चार-पाच लागल्या, फाटकाजवळ एक. बंद कंपनीच्या गेटापाशी मात्र टिकलीला जागा उरेना. मी एकावर एक चिकटवायला लागले.

निरीक्षक उठून चादरीजवळ आले. त्यांनी गेटापाशीच्या टिकल्यांवर बोट ठेवलं. "इथे तर आमच्याकडे काहीच नाही," ते म्हणाले. आवाज बदलला होता.

"कारण तिथले सगळे पडतात, साहेब," मी म्हणाले.

डहाणूकडचे एक तरुण अधिकारी होते, त्यांनी मनातलं बोलून टाकलं. "मॅडम, हे सगळं नोंदवायला लागलो तर आमच्या ठाण्याचे आकडे वाढतील. वरून विचारणा होईल, की तुमच्याकडेच एवढी गुंडगिरी का."

मॅडम म्हणाल्या, "होईल ना. मी खुर्चीत होते तेव्हा मीसुद्धा तेच विचारत होते. चुकत होते. नोंदी वाढल्या याचा अर्थ लोक तुमच्याकडे यायला लागले, हे मला फार उशिरा कळलं. वरच्यांशी मी बोलेन. तुम्ही मला एवढंच सांगा, की ह्या गेटापाशी माणसं का भांडतात."

कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

तोच त्यांचा गृहपाठ ठरला. गेटाजवळ कारवाई करायची नाही, कुणाला उचलायचं नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन उभं राहायचं आणि बघायचं. निरीक्षकांनी मान डोलावली, पण तोंड कडू औषध घेतल्यासारखं होतं.

मधल्या सुट्टीत सगळ्यांनी डबे उघडले. कुणी घोलवडचे चिकू आणले होते, कुणी सुक्या बोंबलाची चटणी. माझ्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. निरीक्षक ताट घेऊन आले आणि अवघडून म्हणाले, "सोलापूरची दिसतेय. थोडी मिळेल का?" मी वाढली. पुढच्या शनिवारपासून मी डबाभर चटणी न्यायला लागले, आणि ती पुरायची नाही. तिखटाने डोळे पुसत खाणारे ते बारा जण अजून डोळ्यांसमोर येतात.

तीन आठवड्यांनी निरीक्षकांनी वर्गात सांगितलं, ते मला आजही जवळजवळ शब्दशः आठवतं. ते तीन संध्याकाळी गेटासमोरच्या पानटपरीवर बसले होते. पहिल्या संध्याकाळी त्यांना वाटलं, दारूमुळे भांडतात. दुसऱ्या संध्याकाळी लक्षात आलं, की दारू न प्यालेलेही भांडतात. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पाळ्या एकदम सुटत, आणि दोन मोठ्या कारखान्यांच्या बस एकाच वेळी तिथे येऊन माणसं उतरवत होत्या. पुढे घरी जायला सहा आसनी रिक्षा, त्याही मोजक्याच. रांग नाही. दिवा एक, तोही बंद. बारा तास उभं राहून आलेला माणूस एक रिक्षा सुटली की दुसरीवर तुटून पडतो. धक्का लागतो, शिवी येते, मग कुणाचं गाव कुठलं यावर गोष्ट जाते, आणि मग हातात बाटली.

"मी अठरा वर्षं नोकरी केली," ते म्हणाले, "पण मारामारी सुरू व्हायच्या आधी तिथे कधी गेलोच नव्हतो."

मग त्यांनी जे केलं त्यात पोलीसगिरी फारशी नव्हती. रिक्षावाल्यांना ठाण्यात बोलावून चहा पाजला आणि रिक्षांची जागा रस्त्याच्या पलीकडे, उजेडाखाली नेली. रांगेसाठी दोरखंड बांधला. दोन्ही कारखान्यांच्या व्यवस्थापकांना भेटून बसच्या वेळांत अर्ध्या तासाचं अंतर पाडून घेतलं. त्यातल्या एकाने बरेच आढेवेढे घेतले, तेव्हा निरीक्षकांनी त्याला संध्याकाळी गेटावर सोबत नेऊन उभं केलं. दिव्यासाठी मात्र पाच पत्रं लिहावी लागली. रांगेपाशी दोन हवालदार ठेवले, आणि त्यांना सांगितलं, काठी गाडीत ठेवा.

लगेच फरक पडला असं नाही. पहिल्या आठवड्यात दोरखंडच कुणीतरी पळवला. पण हळूहळू सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्या ड्रेसिंग रूमबाहेरचा बाक रिकामा राहायला लागला. मला आधी वाटलं, लोक दुसऱ्या दवाखान्यात जात असतील. आमच्या वॉर्डबॉयने चौकशी केली. तिथेही नव्हते. त्या सकाळी आम्ही दोघांनी बाकावर बसून निवांत चहा घेतला. त्या बाकावर आमच्यातलं कुणी बसल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

मी अर्थातच हवेत होते. पुढच्या शनिवारी मी चादरीवरच्या जुन्या टिकल्या काढून नवीन लावल्या. गेटापाशी थोड्याच. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम मागे हात बांधून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "सिस्टर, यात बायका कुठे आहेत?"

मला प्रश्न कळला नाही.

"तुमच्याकडे मार खाल्लेल्या बायका येत नाहीत?"

"येतात," मी म्हणाले. "पण त्या... त्या पडलेल्या असतात."

निरीक्षकांनीच विचारलं, आणि त्यांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता. "पुरुष पडलो म्हणाले तेव्हा तुम्ही जागा विचारलीत. बायकांना विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. घरातलं आहे, आपण मध्ये कशाला पडायचं, असं मी स्वतःला सांगत आले होते. वळ ओळखता येत नव्हते असं नाही. बांगड्या फुटून मनगटात काचा रुतलेल्या मी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या आणि 'ओट्यावरून पडून' असं लिहिलं होतं. मी त्या बारा जणांसमोर खाली बघत उभी राहिले. परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी रडले. शेजारच्या बाईने विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. माझंही उत्तर त्याच जातीचं होतं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी किनाऱ्यावरच्या एका गावातली मासळी विकणारी बाई आली. तिला मी ओळखत होते, तिसऱ्यांदा आली होती. या वेळी डावा हात कोपरापाशी सुजला होता.

"पडली गो बाय, ओट्यावरशी," ती म्हणाली.

मी दार लोटलं. तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. "हे बघ, मी लिहीत नाहीये. पेन खाली ठेवलंय. कोणी मारलं?"

तिने सुजलेला हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "इचारून काय करशील?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. "पण आधी दोनदा विचारलं नाही, ते चुकलं माझं."

त्यावर ती बोलली. नवरा मारत होता, दीरही मारत होता. पोलिसात जायला ती तयार नव्हती. "आमी गेलो तर ते आमालाच बसवून ठेवतील. माजी मासळी कोन इकेल?"

तिच्या परवानगीने मी निरीक्षकांना फोन केला. नाव सांगितलं नाही. ते म्हणाले, "ठाण्यात आणू नका. ती उद्या पट्टी बदलायला येईल ना? आम्हीच येतो." दुसऱ्या दिवशी ते आले, सोबत एक महिला हवालदार, दोघंही साध्या कपड्यांत. निरीक्षक बाहेर बाकावर पेशंटांच्या रांगेत बसून राहिले. आत आम्ही तिघी. हवालदार बाई वसईकडच्या कोळीवाड्यातल्या निघाल्या. त्या तिच्याशी आधी तासभर मासळीवरच बोलल्या, या वर्षी पापलेट कसं नाही आणि बर्फ कुठून आणतेस. पोलीस केसचं नाव नाही. मला राहवत नव्हतं. पण त्यांचं काम त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं.

निघताना हवालदार बाईंनी तिच्या हातात आपला नंबर दिला. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी त्या तिच्या पाटीपाशी जाऊन मासळी घ्यायच्या आणि दोन मिनिटं उभ्या राहायच्या. पाचव्या की सहाव्या आठवड्यात ती स्वतःच म्हणाली, "लिवा."

त्या दिवशी ती ठाण्यात गेली तेव्हा तिला कुणी ताटकळत ठेवलं नाही. निरीक्षकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. नवऱ्यावर आणि दिरावर गुन्हा दाखल झाला. पुढचं सोपं नव्हतं. गावातले चार जण तिला समजवायला आले, माहेरचेही आले. ती दोन मुलींना घेऊन जवळच्या दांडी गावात बहिणीकडे राहायला गेली आणि तिथून मासळी आणायला लागली. मध्ये दोनदा ती तक्रार मागे घ्यायला निघाली होती, आणि दोन्ही वेळा शेवटी घेतली नाही. ते तिचं तिने ठरवलं. पुढे कधीतरी बोईसरच्या बाजारात मी तिच्याकडून मांदेली घेतली. तिने इतर गिऱ्हाइकांसारखीच मलाही घासाघीस करू दिली नाही आणि ओळखही दाखवली नाही. मला बरं वाटलं. ड्रेसिंग रूममधली ओळख बाजारात कोणाला हवी असते?

वर्ग संपला त्या शनिवारी समारंभ वगैरे झाला नाही. मॅडमनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, इथून गेल्यावर कोणती एक गोष्ट वेगळी कराल. डहाणूकडचे तरुण अधिकारी म्हणाले, रोज सकाळी एक तास ठाण्याबाहेर बाकावर बसेन. कुणी काही, कुणी काही. माझ्याकडे वळून मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही?" मी म्हटलं, दार लोटून घेईन आणि विचारेन. मग आम्ही सगळ्यांनी उभ्यानेच उरलेली चटणी-भाकरी संपवली, आणि त्या चादरीची घडी घालताना माझ्या टिकल्या चौघांच्या शर्टांना चिकटल्या.

दोन वर्षांनी निरीक्षकांची बदली झाली. जायच्या आधी ते नव्या अधिकाऱ्यांना घेऊन दवाखान्यात आले. बाहेर गर्दी होती. मी आतून ओरडले, थांबावं लागेल. ते थांबले. नंबर आला तेव्हा आत येऊन नव्या साहेबांना म्हणाले, "ह्या सिस्टर. महिन्यातून एकदा यांच्याकडे येत जा. इथे खुर्ची मिळत नाही, स्टुलावर बसावं लागतं."

नवे साहेब जरा गोंधळले, पण बसले. मी हात धुऊन आले आणि त्या महिन्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

आता ड्रेसिंग रूममध्ये एक तरुण सिस्टर आहे, विक्रमगडकडची. गेल्या महिन्यात मी रक्तदाब तपासून घ्यायला गेले होते, तेव्हा तिच्या दारावर टकटक करणार होते. पण दार आतून लोटलेलं होतं आणि आत दोन बायकांचं हळू बोलणं चाललं होतं. मी तशीच मागे फिरले आणि बाकावर बसून राहिले. शेजारी डोक्याला रुमाल दाबून एक कामगार बसला होता. मी सवयीने विचारलं, "काय झालं?"

"गिर गया, माँजी," तो म्हणाला.

"कुठे?" मी विचारलं, आणि तो सांगायला लागला.